रेडिओग्राफी कॅमेऱ्यातील डिप्लीटेड युरेनियम: कामगारांना काय सांगावे आणि रिकाम्या कॅमेऱ्याचे काय करावे?

क्यूसी_तळोजा

नमस्कार. मी तळोजा औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेशन कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करतो. आमच्याकडे प्रेशर व्हेसल आणि जाड भिंतीचे पाइप तयार होतात. त्यांच्या वेल्डिंगची रेडिओग्राफी (भेदक किरणांनी आतले दोष फिल्मवर पाहणे) करण्यासाठी बाहेरची एजन्सी रात्रपाळीत येते, शेडमध्ये दोरी बांधून कॉर्डन करते आणि इरिडियमचा सोर्स (किरण देणारा किरणोत्सारी तुकडा) असलेल्या कॅमेऱ्याने फिल्म काढते. गेल्या आठवड्यात आमच्या एका तरुण फिटरने त्या कॅमेऱ्यावरील पत्रा नीट वाचला आणि त्यावर शिल्डिंग (किरण अडवणारे कवच) म्हणून डिप्लीटेड युरेनियम (अणुइंधन बनवताना मागे उरणारे युरेनियम) असल्याचे त्याच्या लक्षात आले. इराकच्या युद्धात रणगाडे फोडण्यासाठी हेच युरेनियम वापरले गेले आणि त्यानंतर तेथे आजार पसरले, असे त्याने कुठेतरी वाचले होते. दुसऱ्या दिवसापासून शेडमधील निम्मे लोक कॅमेरा ठेवलेल्या खोलीजवळून जाण्यासही तयार नाहीत. त्यांची भीती मला उडवून लावायची नाही, परंतु खोटा धीरही द्यायचा नाही.

दुसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे. आमच्या कंपनीने पूर्वी स्वतःचे रेडिओग्राफी युनिट काही काळ चालवले होते. ते बंद झाल्यावर सोर्स पुरवठादाराकडे परत गेला आणि त्याची कागदपत्रे आमच्याकडे आहेत, मात्र रिकामा कॅमेरा भांडारातच राहिला. आता भांडार विभागाने भंगाराच्या यादीत त्याची नोंद ‘जड धातूचा डबा, निकामी’ अशी केली आहे. त्यात सोर्स नाही हे निश्चित आहे. मग तो भंगारात देण्यास हरकत आहे का? जाणकारांनी सविस्तर सांगावे.

निवृत्त_आरएसओ

क्यूसी साहेब, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात दिरंगाई चालणार नाही. तो कॅमेरा भंगारात देऊ नका. आजच त्याची नोंद यादीतून काढायला लावा, तो कुलूपबंद जागी ठेवा आणि त्यावर ठळक अक्षरांत सूचना लावा. कारण पुढे येईलच.

मी अनेक वर्षे औद्योगिक रेडिओग्राफीत रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर (आरएसओ, किरणोत्सार सुरक्षा अधिकारी) म्हणून काम केले आहे. कामगारांना सांगताना सोर्स आणि शिल्ड या दोन गोष्टी पहिल्याच वाक्यात वेगळ्या कराव्यात, असा माझा आग्रह असतो. इरिडियम-१९२ चा सोर्स आकाराने एखाद्या गोळीएवढा असतो. ५० क्युरीचा (क्युरी हे सक्रियतेचे एकक) सोर्स उघडा असताना एक मीटर अंतरावर तासाला साधारण २३० ते २४० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा मिळते, म्हणजे किरणोत्सारात काम करणाऱ्या व्यक्तीसाठी ठरवलेली वर्षाची सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा पाच मिनिटांत संपते. कॉर्डनची दोरी, सायरन, सर्व्हे मीटर (किरण मोजणारे यंत्र) आणि टीएलडी बॅज (कामगाराला मिळालेली मात्रा नोंदवणारा बिल्ला) हे सगळे त्या सोर्ससाठी आहे. सोर्स परत आत ओढला की त्याचे गॅमा किरण अडवण्याचे काम डिप्लीटेड युरेनियम करते. ज्या वस्तूला आपले कामगार घाबरत आहेत, तीच त्यांना सोर्सपासून वाचवत आहे.

शिसे न वापरता युरेनियम का वापरतात, हेही त्यांना सांगावे; कारण कळले की भीती कमी होते. इरिडियमचे किरण निम्मे करण्यासाठी शिशाचा ४.८ मिलिमीटर जाडीचा थर लागतो, तर युरेनियमचा केवळ २.८ मिलिमीटरचा पुरतो. असे दहा थर एकावर एक ठेवले तर किरण सुमारे हजारपट कमी होतात. त्यासाठी शिसे ४८ मिलिमीटर लागेल आणि युरेनियम २८. घनता पाहिली तर युरेनियम जड आहे, एका घन सेंटीमीटरला सुमारे १९ ग्रॅम, आणि शिसे ११.३. तरीही सोर्सभोवती गोलाकार कवच करायचे म्हटले तर शिशाच्या कवचाचे वजन जवळजवळ तिप्पट भरते, कारण गोळ्याचे आकारमान त्रिज्येच्या घनाने वाढते. टाकीच्या माथ्यावर किंवा पाइपरॅकवर दोन माणसांनी उचलून नेता येईल असा वीस-पंचवीस किलोंचा कॅमेरा त्यामुळेच शक्य होतो. त्यातील पंधरा-सोळा किलो वजन एकट्या युरेनियमचे असते.

आता त्या पंधरा किलोंचा स्वतःचा किरणोत्सार. निसर्गातील युरेनियममध्ये युरेनियम-२३५ चे प्रमाण ०.७२ टक्के असते. अणुभट्टीच्या इंधनासाठी ते वाढवताना जो भाग मागे उरतो, त्यात ते साधारण ०.२ ते ०.३ टक्क्यांवर येते; तेच डिप्लीटेड युरेनियम. युरेनियम-२३४ देखील त्याच प्रक्रियेत घटते. बाकी जवळजवळ सगळे युरेनियम-२३८, ज्याचे अर्धायुष्य ४.४७ अब्ज वर्षे आहे. इतके दीर्घ अर्धायुष्य म्हणजे दर सेकंदाला फुटणारे अणू फारच थोडे. पंधरा किलो धातूची सक्रियता सुमारे ६ मिलिक्युरी भरते. सोर्स ५० क्युरीचा असेल तर तो आठ हजार पटींहून अधिक सक्रिय आहे. त्यातही युरेनियमचे अल्फा कण कागदानेही अडतात. थोरियम-२३४ आणि प्रोटॅक्टिनियम-२३४ या अपत्य मूलद्रव्यांचे बीटा कण मात्र प्रबळ असतात. उघडा धातू हातात धरला तर त्वचेला तासाला साधारण २ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. म्हणून उघडा धातू हाताळायचा नसतो. कॅमेऱ्यात तो पोलादी आवरणात बंद असल्याने हे बीटा कण बाहेर येत नाहीत. रिकाम्या कॅमेऱ्याला सर्व्हे मीटर टेकवला तर पार्श्वभूमीपेक्षा थोडे अधिक वाचन दिसते, आणि ते दिसणे स्वाभाविक आहे.

कॅमेऱ्यातील युरेनियमचा खरा धोका दोन ठिकाणी असतो. पहिला म्हणजे आतील एस आकाराची नळी. सोर्स आत-बाहेर करणारी ड्राइव्ह केबल वर्षानुवर्षे तिच्यातून घासत जाते. नळी एखाद्या वळणावर झिजून फाटली, तर केबल थेट युरेनियमवर घासू लागते आणि त्याची भुकटी केबलबरोबर बाहेर येते. यासाठी वाइप टेस्ट असते, म्हणजे नळीची तोंडे पुसून त्या पुसण्यावर किरणोत्सार आहे का ते पाहणे. अमेरिकेच्या नियमांत अशी तपासणी बारा महिन्यांच्या आत एकदा करणे बंधनकारक आहे. आपल्या एजन्सीला शेवटच्या वाइप टेस्टची तारीख आणि निकाल विचारा. चांगली एजन्सी तो कागद लगेच दाखवते.

दुसरे ठिकाण म्हणजे भंगाराचे दुकान. बंद धातू निरुपद्रवी, पण गॅसकटर लावला किंवा ग्राइंडर फिरवला की चित्र पालटते. युरेनियमचा कीस हवेत आपोआप पेट घेतो आणि काळसर ऑक्साइडची अतिशय बारीक धूळ होते, जी कापणाऱ्याच्या फुप्फुसात जाते. शिवाय भट्टीत ते इतर धातूंत मिसळले तर पुढचा सगळा माल दूषित होतो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत एका विद्यापीठातील वापरात नसलेले उपकरण लिलावातून भंगारात गेले आणि त्यातील कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा जीव गेला. तेथे सोर्स होता, आपल्या डब्यात नाही, हा फरक मोठा आहे. परंतु वाट तीच आहे: भांडाराची यादी, वर्णनात चुकलेली एक ओळ, आणि कापणाऱ्याला काहीच माहीत नसणे.

कॅमेरा रिकामा असला तरी युरेनियम हा आपल्या देशात कायद्याने नियंत्रित पदार्थ आहे. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीत आपल्या जुन्या युनिटची नोंद असेल. तेथे कळवून, कॅमेऱ्याचा उत्पादक किंवा अधिकृत पुरवठादार यांच्यामार्फत तो परत पाठवण्याची परवानगी घ्यावी. वाहतुकीतही त्याला वेगळा यूएन क्रमांक (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असतो, २९०९. रिकामा डबा म्हणून टेम्पोत टाकून पाठवता येत नाही.

डॉ_वृक्कविकार

आरएसओ साहेबांनी भौतिकशास्त्र नेमके मांडले आहे. मी मूत्रपिंडविकारांची डॉक्टर असल्याने शरीराच्या बाजूने थोडे लिहिते.

युरेनियम म्हटले की सर्वांच्या मनात कर्करोग येतो. प्रत्यक्षात डिप्लीटेड युरेनियम पुरेशा प्रमाणात पोटात किंवा रक्तात गेले, तर सर्वांत आधी इजा होते ती मूत्रपिंडांना, आणि ती किरणोत्सारामुळे होत नाही. शिसे किंवा कॅडमियम यांच्याप्रमाणे हा एक विषारी जड धातू आहे. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या सुरुवातीच्या भागातील पेशींना तो इजा करतो. मात्रा कमी असेल तर या पेशी पुन्हा भरून येतात. गिळलेल्या युरेनियमपैकी बहुतेक भाग आतड्यातून तसाच बाहेर पडतो. रक्तात शोषला जाणारा वाटा सुमारे ०.२ ते २ टक्के असतो, आणि त्यातील बराचसा चोवीस तासांत लघवीवाटे निघून जातो. उरलेला मुख्यतः हाडांत साठतो. आपल्या सर्वांच्या शरीरात अन्नपाण्यातून आलेले नैसर्गिक युरेनियम असतेच, सरासरी ९० मायक्रोग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला ३० मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा दिली आहे, आणि ती किरणोत्सारावर नव्हे तर या रासायनिक विषारीपणावर आधारलेली आहे.

श्वासावाटे गेलेल्या धुळीचे गणित वेगळे असते. न विरघळणारे ऑक्साइडचे कण फुप्फुसात आणि छातीतील लसिकाग्रंथींत वर्षानुवर्षे राहू शकतात, आणि कागदाने अडणारे अल्फा कण तेथे थेट पेशींना भिडतात. म्हणून ग्राइंडरची धूळ ही सर्वांत टाळण्याची गोष्ट.

मनुष्यातील सर्वांत दीर्घ निरीक्षण अमेरिकेतील बाल्टिमोर येथे चालते. १९९१ च्या आखाती युद्धात आपल्याच बाजूच्या गोळीबारात सापडलेल्या आणि अंगात युरेनियमचे तुकडे राहिलेल्या काही डझन सैनिकांची तपासणी १९९३ पासून ठराविक अंतराने केली जाते. त्यांच्या लघवीत दशकांनंतरही युरेनियमचे प्रमाण बरेच अधिक आढळते, पण मूत्रपिंडाचे काम बिघडल्याची वैद्यकीयदृष्ट्या ठळक चिन्हे त्यांच्यात आढळलेली नाहीत. हा गट लहान आहे, हे लक्षात ठेवूनच या निष्कर्षाकडे पाहावे. कोणा कामगाराला शंका राहिली, तर लघवीतील युरेनियमची तपासणी करता येते. मात्र बंद कॅमेऱ्याशेजारून चालत जाणाऱ्याला तिची गरज नाही.

पर्यावरण_अभ्यासक

वरील दोन्ही उत्तरे कारखान्यापुरती योग्य आहेत. परंतु त्या फिटरने इराकचे नाव घेतले होते आणि त्याला त्याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. ‘कॅमेऱ्यातील युरेनियम सुरक्षित आहे’ हे वाक्य ‘डिप्लीटेड युरेनियम सुरक्षित आहे’ असे वाचले जाण्यास वेळ लागत नाही, आणि शस्त्रे वापरणाऱ्या देशांच्या प्रवक्त्यांनी अनेकदा नेमके असेच बोलून प्रश्न मिटवला आहे. म्हणून मला हा भाग थोडा विस्ताराने लिहावासा वाटतो.

कॅमेऱ्यात जे होऊ नये म्हणून एवढी काळजी घेतली जाते, ते रणांगणावर मुद्दाम घडवून आणले जाते. थोडेसे टायटॅनियम मिसळलेल्या युरेनियमचा लांब, सडपातळ दांडा चिलखतावर आदळला की त्याचे टोक बोथट होत नाही. कडेचे थर सुटत जातात आणि टोक धारदारच राहते. टंगस्टनचा दांडा अशा वेळी पुढून फुगतो. त्यातच सुटलेले कण पेट घेतात. म्हणजे चिलखत भेदण्याची क्षमता आणि धूळ निर्माण होणे या एकाच गुणधर्माच्या दोन बाजू आहेत. १९९१ मध्ये कुवेत आणि दक्षिण इराकमध्ये सुमारे ३०० टन डिप्लीटेड युरेनियम वापरले गेले. बोस्नियात १९९४-९५ मध्ये सुमारे ३ टन आणि १९९९ मध्ये कोसोव्होत सुमारे १० टन, तेही मुख्यतः ए-१० विमानांच्या ३० मिलिमीटर तोफेतून.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००० च्या नोव्हेंबरात कोसोव्होतील ११ ठिकाणी जाऊन माती, पाणी आणि झाडे तपासली. सर्वत्र पसरलेले दूषण सापडले नाही. जेथे दांडा जमिनीत घुसला तेथेच, थोड्या अंतराच्या आत, प्रमाण वाढलेले दिसले. एवढे वाचून अनेक जण थांबतात. परंतु त्याच संस्थेच्या बोस्नियातील पाहणीत, मारा झाल्यानंतर सात वर्षांनी, एका ठिकाणच्या पिण्याच्या पाण्यात डिप्लीटेड युरेनियमचा अंश मिळाला आणि काही इमारतींच्या हवेतही मिळाला. प्रमाण धोक्याच्या पातळीच्या बरेच खाली होते. जमिनीतील दांड्यांचे वजन मात्र तोवर सुमारे एक चतुर्थांश घटले होते, आणि तीन दशकांच्या आसपास ते पूर्ण गंजून मातीत मिसळतील असा अंदाज दिला गेला. म्हणजे एका वर्षीचे पाणी स्वच्छ निघाले यावरून पुढच्या वीस वर्षांचे पाणी स्वच्छ राहील असे म्हणता येत नाही; विहिरी पुन्हा पुन्हा तपासाव्याच लागतात.

लंडनच्या रॉयल सोसायटीने २००१ आणि २००२ मध्ये दोन भागांत अहवाल दिला. बहुसंख्य सैनिकांना असलेला वाढीव धोका फार लहान आहे, परंतु मारा झालेल्या रणगाड्यातून वाचलेल्या किंवा असे रणगाडे दीर्घकाळ साफ करणाऱ्या थोड्या लोकांना फुप्फुसांचा आणि मूत्रपिंडांचा धोका खरा असू शकतो, असा त्याचा आशय होता. इराकमध्ये अशा निकामी रणगाड्यांवर मुले खेळत आणि भंगार गोळा करणारे ते कापत, ही गोष्ट तेथील वार्ताहरांनी अनेकदा नोंदवली आहे. बसरा आणि फलुजा येथील कर्करोग व जन्मजात व्यंगांचे कारण हेच, असे ठामपणे सांगता येत नाही, कारण युद्ध, निर्बंध, तेलविहिरींचा धूर आणि कोलमडलेली नोंदव्यवस्था यांत एक कारण वेगळे काढणे कठीण आहे. पण ‘सिद्ध झाले नाही’ याचा अर्थ ‘तपासून नाकारले’ असा होत नाही. कोठे किती मारा झाला याची नकाशासह माहिती वेळेवर दिली असती, तर बरेच काही तपासता आले असते. २००३ च्या युद्धातील आपल्या १.९ टनांची ठिकाणे ब्रिटनने कळवली. अमेरिकेने तेवढा तपशील दिला नाही. प्रभावित देशांना अशी माहिती द्यावी, असे आवाहन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० मध्ये केले. बेल्जियमने तर २००७ मध्येच या शस्त्रांवर कायद्याने बंदी आणली. २०२३ मध्ये ब्रिटनने आणि नंतर अमेरिकेने युक्रेनला हे तोफगोळे दिले, त्यामुळे हा विषय जुना झालेला नाही.

निवृत्त_आरएसओ

ताई, आपला मुद्दा मान्य आहे आणि तो कामगारांना सांगितलाच पाहिजे. एका बाबतीत मात्र मी वेगळा विचार करतो. नागरी वापरातील धोक्याचे मोजमाप करताना युद्धाचा दाखला पुरेसा नाही. त्यासाठी ॲमस्टरडॅमचा दाखला अधिक जवळचा आहे. जुन्या बोइंग ७४७ विमानांच्या शेपटीत समतोल राखण्यासाठी डिप्लीटेड युरेनियमची वजने बसवलेली असत. पुढे कंपनीने टंगस्टन वापरायला सुरुवात केली. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी असे एक मालवाहू विमान बाइल्मर वस्तीतील इमारतीवर कोसळले, ४३ माणसे दगावली आणि मोठी आग लागली. विमानातील २८२ किलो युरेनियमपैकी निम्म्याहून अधिक सापडलेच नाही. नंतरच्या अभ्यासांत रहिवाशांच्या आजारांचे कारण युरेनियम असण्याची शक्यता फार कमी ठरली. पण लोकांना त्या वजनांबद्दल वेळेवर आणि स्पष्टपणे सांगितले गेले नव्हते, त्यामुळे अविश्वास कित्येक वर्षे टिकला आणि संसदेला चौकशी करावी लागली. म्हणून क्यूसी साहेब, पत्र्यावर काय लिहिले आहे हे लपवू नका. एजन्सीच्या आरएसओला बोलवा, सगळ्यांसमोर सर्व्हे मीटर लावून बंद कॅमेऱ्याचे वाचन दाखवायला सांगा आणि प्रश्न विचारू द्या.

क्यूसी_तळोजा

सर्वांचे मनापासून आभार. कॅमेरा यादीतून काढला आहे आणि कुलूपबंद खोलीत ठेवला आहे. ई-लोरावर लिहिण्याचे काम आमच्या व्यवस्थापकांनी हाती घेतले आहे. एजन्सीकडून वाइप टेस्टचा अहवालही मागवला आहे. एक नवी अडचण मात्र उभी राहिली. ही चर्चा भांडारात पोहोचल्यावर एक जण म्हणाला की युरेनियमला बाजारात किलोला कोट्यवधी रुपये मिळतात, मग परत का पाठवायचे? तो गंभीरपणे बोलत होता की नाही हे कळले नाही, पण खोलीची किल्ली आता मी स्वतःकडे ठेवली आहे.

पर्यावरण_अभ्यासक

किल्ली आपल्याकडे ठेवलीत हे उत्तम केलेत. ही समजूत आपल्याच भागात लोकांना तुरुंगात घेऊन गेली आहे. डिसेंबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी दोघांकडून सुमारे ९ किलो युरेनियम जप्त केले आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तपासणीत ते डिप्लीटेड युरेनियम निघाले. मे २०२१ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने मुंबईत ७.१ किलो नैसर्गिक युरेनियम पकडले; तो गुन्हा अणुऊर्जा कायदा, १९६२ खाली दाखल झाला आणि तपास पुढे एनआयएकडे गेला. दोन्ही वेळा बातम्यांत वीस कोटींहून अधिक किंमत छापून आली आणि तीच लोकांच्या लक्षात राहिली.

वास्तविक डिप्लीटेड युरेनियमपासून बॉम्ब करता येत नाही आणि ते साध्या अणुभट्टीचे इंधनही होत नाही. कल्पाक्कमच्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीत गाभ्याभोवती त्याचे आवरण ठेवून त्यातून प्लुटोनियम तयार करण्याची योजना आहे, पण तो सरकारी यंत्रणेतील वापर आहे. जगभरात या पदार्थाचा साठा दहा लाख टनांहून अधिक आहे. एकट्या अमेरिकेत केंटकी आणि ओहायो राज्यांतील दोन ठिकाणी त्याच्या फ्लोराइड संयुगाचे सुमारे सात लाख टन पोलादी नळकांड्यांत साठले होते, आणि ते स्थिर ऑक्साइडमध्ये रूपांतरित करण्यासाठी तेथील सरकारला खर्च करावा लागत आहे. ज्याची विल्हेवाट लावायला पैसे मोजावे लागतात, त्याला चोरबाजारात कोटी देणारा खरा ग्राहक नसतो. असतो तो फसवणारा, किंवा साध्या वेशातील पोलीस.

निवृत्त_आरएसओ

भांडारातील त्या गृहस्थांना कायद्याची बाजू लेखी सूचनेतूनच कळवा, तोंडी नको. आणि परत पाठवेपर्यंत दर आठवड्याला कॅमेऱ्याचा अनुक्रमांक प्रत्यक्ष पाहून नोंदवहीत दोघांच्या सह्या घ्या. एजन्सी पुढच्या वेळी येईल तेव्हा तिच्या आरएसओकडून आपल्या जुन्या कॅमेऱ्याच्या दोन्ही तोंडांची वाइप टेस्टही करून घ्या. नळी झिजलेली असेल तर ते पाठवण्याआधी कळणे आवश्यक आहे. तसे निघाल्यास तोंडे बंद करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावे आणि एईआरबीला पाठवायच्या पत्रात तसा स्पष्ट उल्लेख करावा.